तड्यांचा भूगोल

आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला तडे बघायला जावं लागतं. ही पद्धत आमची नाही, तिसऱ्या मजल्यावरच्या पाठक सरांची आहे. पाहुण्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा अवकाश, सर छत्री घेऊन हजर. "नवीन दिसता. या, आधी सीना दाखवतो." पाहुण्याला वाटतं नदीवर नेतायत. तो आपल्या चपला नीट घालतो. सर त्याला जिन्याखाली नेतात, छत्रीचं टोक भिंतीला लावतात आणि सुरू होतात, "ही सीना. उगम वर पाण्याच्या टाकीपाशी. इथे पूर्वेला वळते आणि तळमजल्यावर मीटरच्या पेटीत लुप्त होते."

भिंतीला गेलेला तडा तो. हात जाईल एवढा रुंद.

आमच्या इमारतीतल्या प्रत्येक तड्याला सरांनी आपल्या जिल्ह्यातल्या नदीचं नाव दिलेलं आहे. भूगोलाचे मास्तर, पालिकेच्या शाळेत जन्म गेला, आता निवृत्त. गच्चीवर घोड आहे, नळाच्या मोरीत कुकडी आहे आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारावर मुळा आणि प्रवरा एकत्र येतात. म्हणून माझ्या दाराचं नाव नेवासं. सर येता-जाता विचारतात, "वहिनी, नेवासं कसं आहे?" मी म्हणते, "कालच चमचाभर पडलं आमटीत." मी डबे करते. गिऱ्हाइकाच्या आमटीत भिंत पडली तर मला हसू येत नाही, पण सरांच्या तोंडावर असं समाधान पसरतं की विचारू नका.

माझ्या नणंदेला, लताला, बघायला श्रीगोंद्याची मंडळी आली तेव्हा मी सरांना आदल्या दिवशीच हात जोडले होते. म्हटलं, उद्या तेवढं छत्री मिटून घरात बसा. हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते तर मुलाचे वडील गायब. शोधलं तर जिन्याखाली. सर त्यांना सीना दाखवतायत आणि ते गुडघ्यावर बसून तड्यात काडी घालून बघतायत. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, गेलं हे स्थळ. नंतर कळलं की ते बांधकामाचे ठेकेदार होते. दोघांचं असं काही जमलं की मुलगी बघायचं राहिलंच बाजूला, आणि निघताना म्हणाले, "शेजार चांगला आहे, माणसं खरं बोलणारी आहेत, आमच्याकडून होकार." लता अजून म्हणते, माझं लग्न त्या तड्यामुळे झालं.

सर अंगाने बारीक. कपडे पांढरे, गादीखाली घालून इस्त्री केलेले. छत्री बारा महिने हातात. पावसासाठी नव्हे, जिन्यात वरून पोपडे पडतात म्हणून. उन्हाळ्यात भर दुपारी एखादा माणूस छत्री उघडून घरातल्या जिन्याने चढताना दिसला तर नवख्या माणसाला वाटतं हा कामातून गेलेला आहे. आम्हाला आता काही वाटत नाही. आम्हीही ताट डोक्यावर धरून चढतो.

हा नाद फक्त आमच्या इमारतीपुरता असता तर सोडून दिलं असतं. लग्नाला गेले तर मंगल कार्यालयाच्या तुळईकडे बघत अक्षता टाकतात, आणि निम्म्या भटजींच्या डोक्यावर पडतात. एकदा ताप आला म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर यांची छाती ठोकून बघतायत आणि हे डॉक्टरांची भिंत. "पोकळ आहे," म्हणाले. डॉक्टर घाबरले, त्यांना वाटलं, रोगी स्वतःच्याच छातीचं निदान करतोय.

आणि त्यांचं ते वाक्य. दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. "पडणं म्हणजे अपघात, पाडणं म्हणजे नियोजन. इमारतीने आपल्याला सोडायच्या आत आपण तिला सोडलं पाहिजे." ऐकून ऐकून आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं. तळमजल्यावरच्या रखमाबाई, पालिकेच्या झाडूवाल्या होत्या, मूळच्या पाथर्डीकडच्या, त्या म्हणायच्या, "गुर्जींचं खरं हाय, पन सोडून जायाचं कुटं? आमी काय पाखरं हाय व्हय?"

आता आमच्या इमारतीविषयी सांगते. हिचं नाव 'नवी वसाहत'. नवी कधी होती ते आठवणारी माणसं थोडीच राहिली आहेत. पालिकेने आपल्या नोकरमाणसांसाठी बांधली, मास्तर, कारकून, झाडूवाले, पाणीपुरवठ्याची माणसं. आमचे हे पाणीपुरवठ्यात, म्हणून आम्हाला खोल्या मिळाल्या. सगळ्या गावाचे नळ यांच्या हातात आणि आमच्याच मोरीत थेंब नाही, हे मी लग्न झाल्यापासून ऐकवत आलेय. गावाचं नाव बोर्डावर आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाट्या बदलल्या, पण आमची वसाहत काही बदलली नाही. पूर्वी म्हणे खाली पालिकेचं वाचनालय होतं, बसायला बाकं होती, फाटकाशी बुचाचं मोठं झाड होतं. मी आले तेव्हा वाचनालयाला कुलूप लागलेलं होतं. नंतर कुलूपही चोरीला गेलं. तिथे कुत्री व्यायला लागली, मग जुगारी बसायला लागले, मग कुत्र्यांनीसुद्धा जागा सोडली. फाटकासमोर सगळ्या पेठेचा कचरा येऊन पडतो. झाड तारांच्या आड येतं म्हणून बुंध्यापासून कापलं, त्या बुंध्यावर आता पंक्चरवाला टायरी रचतो.

असं सगळं असलं की बिल्डरची माणसं वास घेत येतातच. शेटे नावाचा एक गोड बोलणारा गृहस्थ दर महिन्याला मिठाईचा पुडा घेऊन यायचा. रोख पैसे घ्या, खोल्या सोडा, गावाबाहेर कुठेही छान फ्लॅट बघा, इथे मी मॉल बांधतो. बरेच जण बधायला लागले होते. मीसुद्धा. का नाही बधणार? डोक्यावर ताट धरून किती दिवस जगायचं माणसाने?

सरांनी तेव्हा जिन्याच्या चौकात सगळ्यांना बसवलं. भिंतीवर खडूने नकाशा काढला, सवयच ती. म्हणाले, "शेटे पैसे देईल आणि तुम्ही दाही दिशांना जाल. ताहेराचाचीचं शिलाईचं गिऱ्हाईक या पेठेतलं. वहिनींचे डबे या पेठेतले. रखमाबाईंना रोज कोण विचारतं, गोळी घेतली का? तो शेजार शेटेच्या पैशात येतो का? ही जागा पालिकेची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. ती शेटेला का द्यायची? पालिकेनेच पाडावी आणि पालिकेनेच बांधावी. वर आपण, खाली भाजीबाजार आणि वाचनालय. फाटकाशी झाडं. आणि लिफ्ट."

"तीन मजल्यांना लिफ्ट?" ताहेराचाची म्हणाल्या. "सर, आता विमानतळ पण मागा."

सगळे हसले, पण सर हसले नाहीत. लिफ्टशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही, म्हणाले. ते का, हे आम्हाला न सांगता ठाऊक होतं. सरांची बायको, सुमनकाकू, संधिवाताने घरात जखडलेल्या. तिसरा मजला, तोही मागच्या अंगाचा. खिडकी उघडली की समोर बंद पडलेल्या टॉकीजची भिंत. डॉक्टर वर येतात, भाजी वर जाते, पण काकू खाली उतरून कितीतरी वर्षं झाली. जिना इतका मोडका की खुर्चीत घालून उतरवायचं म्हटलं तर उचलणारेच कोसळायचे. मुलगा दूर परदेशात. तेव्हा सगळं अडलं होतं ते इथे. पालिकेने इमारत धोकादायक ठरवली तर पुनर्बांधणीच्या योजनेत बसणार, त्याच जागी नवी होणार, काकू लिफ्टने खाली येणार. नाही ठरवली तर डागडुजीचा शेरा पडणार आणि शेटे आपला मिठाई घेऊन बसलेलाच.

सरांनी किती अर्ज केले, किती खेटे घातले, ते मी सांगत बसत नाही. एकदा तर सगळ्या वसाहतीला एसटीत घालून राळेगणसिद्धीला नेलं, सगळ्यांनी मिळून केलं की काय होतं ते बघा म्हणून. आम्ही बांध पाहिले, झाडं पाहिली, डबे खाल्ले आणि परत येताना बायकांनी गाण्याच्या भेंड्या लावल्या. सर खिडकीशी बसून म्हणत होते, "तिथे माणसांनी ओढे अडवले, इथे आपल्याला गटार अडवता येत नाही." कोणी ऐकत नव्हतं, पण ते म्हणत होते.

आणि एकदाचं पालिकेने मनावर घेतलं. इमारत तपासायला इंजिनिअर येणार असं पत्र आलं. नेमकं त्याच वेळी सरांना चुलतभावाच्या दहाव्याला कर्जतला जावं लागलं. जाताना प्रत्येक दारात थांबून सांगून गेले, "काही करू नका. आहे तसं राहू द्या." काकूंचं जेवणखाण मी बघणार होते.

आता मला सांगा, घरी परकी माणसं यायची म्हटल्यावर कुठल्या बाईला आहे तसं राहू द्यायला जमतं? रखमाबाईंनीच सुरुवात केली. "सरकारी मानसं यायची आन ह्ये दाखवायचं व्हय? लोक तोंडात श्यान घालतील आपल्या." ताहेराचाची म्हणाल्या, दिवाळी तोंडावर आहेच, चुना नाहीतरी लावायचाच आहे, दोन दिवस आधी लावू. मी म्हटलं, नुसत्या चुन्याने काय होणार, तडे आधी भरून घेऊ. हे म्हणाले, "अगं, पण सर..." मी म्हटलं, सरांना काय कळतंय घरातलं? आणली पुट्टीची पोती. सगळ्या बायका कंबर कसून लागल्या. सीना भरली, कुकडी भरली, नेवाश्याचा संगम मी स्वतःच्या हाताने लिंपला. जिना धुतला. फाटकाला झेंडूचं तोरण लावलं, दारात रांगोळी काढली. वाचनालयातला कचरा पोत्यात भरून वर चटई टाकली. इमारत अशी दिसायला लागली की मला वाटलं, उगीच पाडतायत. मी अजूनही म्हणते, आलेल्या माणसाला घर स्वच्छ दाखवण्यात काही चूक नाही.

सकाळी इंजिनिअर आली. तरुण मुलगी, डोक्याला पिवळी टोपी, बरोबर एक मदतनीस आणि यंत्राची पेटी. आम्ही औक्षण करायचंच तेवढं बाकी ठेवलं. खुर्ची दिली, पोहे दिले, वर शेव, लिंबू. ती इकडेतिकडे बघत म्हणाली, "छान ठेवलीय हो इमारत तुम्ही." रखमाबाईंची छाती फुगली. आणि तेवढ्यात कर्जतच्या एसटीने आलेले सर पिशवी घेऊन फाटकात उभे राहिले.

त्यांनी तोरण बघितलं. रांगोळी बघितली. चपला काढल्या, का कोण जाणे, आणि जिन्याखाली गेले. भिंतीवरून हात फिरवला.

"सीना कुठे गेली?" इतक्या हळू विचारलं की मला आधी कळलंच नाही.

"बुजवली," मी म्हटलं. "मुळा-प्रवरा पण."

सरांनी पिशवी खाली ठेवली आणि माझ्या दारात येऊन माझं उलथणं उचललं. जिन्याखाली जाऊन भिंत खरवडायला लागले. ओली पुट्टी ढेपा ढेपा निघत होती, सरांच्या पांढऱ्या शर्टावर, चष्म्यावर, मिशीवर. रखमाबाई मागे धावल्या. "गुर्जी, अवो कंबर मोडंस्तवर लिपलंय आमी. नका ना." सर ऐकायला तयार नाहीत. "ही सीना आहे, मॅडम," ते इंजिनिअरला सांगत होते, "इथेच आहे. मी दाखवतो. उगम वर आहे. जरा थांबा, जाऊ नका." ती मुलगी पोह्यांची बशी हातात धरून उभी. मी पुढे झाले उलथणं काढून घ्यायला आणि त्यांचा हात बघितला. दुसऱ्या हाताच्या नखांनीही खरवडत होते. मग मी नाही घेतलं.

त्या मुलीने बशी ठेवली. म्हणाली, "काका, राहू द्या. आम्ही रंग बघतच नाही. खांबाला यंत्र लावतो, आतलं लोखंड किती गंजलंय ते त्यात दिसतं. वरून सोन्याचा पत्रा मारला तरी फरक पडणार नाही."

पुट्टीची पोती आणि आमचं रामायण फुकट. दिवसभर यंत्रं लावली, काही लिहून घेतलं आणि काहीही न सांगता ती माणसं गेली. सर वर गेले. त्यानंतर ते आमच्याशी बोलेनात. जिन्यात भेटले की छत्री पुढे धरून निघून जायचे. नेवासं कसं आहे, असं कोणी विचारेना, आणि खरं सांगू, मला त्याचं फार लागलं. माझा स्वभाव भांडखोर आहे, मी भांडून मोकळी होते. पण हा माणूस भांडतच नव्हता.

आता निकाल काय येतो याच्यावर सगळं होतं. शेटे दोनदा येऊन गेला. इमारत ठीक आहे असं ऐकलंय म्हणाला, गोड हसून. मी त्याला म्हटलं, तुमची मिठाई शिळी असते.

शेवटी कागद आला. आमच्या ह्यांनीच ऑफिसातून आणला, जिन्यातून ओरडतच वर आले. अतिधोकादायक, पाडण्यायोग्य. पुढच्या सगळ्या बैठका, मंजुऱ्या यांत वर्ष गेलं, पण ठरलं ते सरांनी मागितलं तसंच. पालिकाच बांधणार, त्याच जागी, आम्हीच राहणार, खाली बाजार, वाचनालय, आणि लिफ्ट. तोवर भिंगारच्या रस्त्याला तात्पुरत्या खोल्या, सगळ्या एका ओळीत, जमिनीलगत. आम्ही पेढे घेऊन सरांच्या दारात गेलो. सरांनी पेढा घेतला, रखमाबाईंना नमस्कार केला, म्हणाले, "तुम्ही लिंपलंत म्हणून वरवरचं न बघता आतली तपासणी नीट झाली." तेवढ्यावर आमचं सगळ्यांचं मिटलं.

इतका आनंदाचा प्रसंग, तर सर खुलायला हवे होते. पण खोल्या सोडायची तारीख जवळ यायला लागली तसे ते वाळायलाच लागले. एक दिवस मी डबे भरत होते, तर दारात येऊन उभे राहिले. नेहमीसारखं दाराच्या वर बघितलंही नाही.

"वहिनी, हिला खाली आणावं लागणार."

"हो मग. पालिकेने बाजारातले हमाल द्यायचं कबूल केलंय, पोती उचलणारे. आमचे हे आहेत. नीट उतरवतील, काळजी करू नका."

"ते नव्हे. हिला खाली सगळं दिसणार."

मला काही कळेना. मी म्हटलं, बसा. बसले पोळपाटाशेजारी, आणि जे काही सांगितलं ते ऐकताना माझी आमटी लागली तरी मला कळलं नाही.

काकूंचं खाली उतरणं बंद झालं, त्याच सुमाराला वाचनालय बंद झालं. संध्याकाळी काकूंनी विचारलं, आज वाचनालयात कोण कोण होतं? काकू रोज जायच्या तिथे, मासिकं वाचायला. सरांनी विचार केला, आधीच जखडून पडलीय, आणखी कशाला. म्हणाले, गर्दी होती. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. तेव्हा सांगितलं की दोन म्हातारे पेपरावरून भांडले. काकू हसल्या. मग रोजचंच झालं. बाकांना हिरवा रंग दिला म्हणाले. फाटकाची कडी दुरुस्त केली म्हणाले. झाड कापलं त्या दिवशी, यंदा बहर चांगला आहे म्हणाले.

"आणि फुलं?" मी विचारलं. थंडीच्या सुरुवातीला काकूंच्या केसांत बुचाची वेणी मी स्वतः बघितलेली. दोऱ्याशिवाय विणतात ती, देठांत देठ घालून. मला वाटायचं, कोणीतरी आणून देत असेल.

"भिंगारला कॅम्पात एक झाड आहे. पहाटे जातो. खाली पडलेली गोळा करतो."

मी आपली समजत होते, सर भिंगारला जुने बंगले ठोकून बघायला जातात.

"आम्ही वर जायचो तेव्हा तुम्ही म्हणायचात, खालचं काही बोलू नका," मी म्हटलं. "आम्हाला वाटायचं, काकूंना तुमच्या तड्यांचा वैताग आलाय."

"तिला एकही तडा माहीत नाही, वहिनी. घरातल्या भिंतीला मी कपाट लावलंय." सर जमिनीकडे बघत होते. "मला वाटायचं, एकदा पालिकेने नवीन बांधलं की झालं. लिफ्टने तिला खाली आणायचं. वाचनालय असेल, बाकं असतील, झाडं असतील. मी सांगितलेलं सगळं खरं होऊन जाईल. तिला कधी कळणारच नाही की मध्ये काय होतं. त्यासाठी तर मागे लागलो होतो सगळ्यांच्या. पण नवीन बांधायचं तर आधी जुन्यातून बाहेर यावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. भूगोल शिकवला मी जन्मभर, आणि रस्ता कुठून जातो तेच विसरलो."

मला संतापही आला आणि कीवही आली. मी काही फार हळवी बाई नाही. म्हटलं, "मग आता काय, डोळे बांधून नेणार का त्यांना?"

"तेच विचारायला आलो होतो," ते म्हणाले. अगदी खरंच विचारायला आले होते. "पहाटे नेलं तर? धुकं असतं."

"टेम्पो दहाला येणार आहे, सर. आणि सांगून टाका त्यांना. बायको आहे तुमची, खाऊन टाकणार नाही."

"सांगतो," म्हणाले आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "तिला त्या म्हाताऱ्यांचं काय सांगू? ते गेल्या आठवड्यातच परत भांडलेत."

नाही सांगितलं त्यांनी. मला माहीत होतं, नाही सांगणार.

निघायच्या दिवशी ऊन लख्ख पडलं होतं. धुक्याचा पत्ता नाही. काकूंना मी इरकल नेसवली, वेणी घातली, आणि हमालांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. सर पुढे. छत्री घरात विसरले, त्या दिवशी पहिल्यांदाच. प्रत्येक वळणावर हमालांना सांगत होते, हळू, हळू. ते हळूच जात होते. सर स्वतःच इतके हळू चालत होते की सगळी मिरवणूक अडत होती. मी मागून काकूंची उशी घेऊन. माझ्या मनात आलं, हा जिना संपूच नये.

फाटकाशी खुर्ची टेकवली. टेम्पो यायला वेळ होता. रखमाबाई, ताहेराचाची, आमचे हे, सगळे आपापली बोचकी घेऊन उभे. काकूंनी पदर सारखा केला आणि बघायला लागल्या. उन्हाला डोळे सरावायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी कचऱ्याचा ढीग बघितला. वाचनालय बघितलं, दार नसलेलं. वाकलेलं फाटक बघितलं. बुंधा बघितला, त्यावरच्या टायरी बघितल्या. त्यांना काही नीट दिसत नाही असं म्हणायला जागा नव्हती, काकू अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवतात. सर काकूंच्या खुर्चीमागे उभे होते, दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरून. त्यांचं तोंड मला बघवेना. मी रखमाबाईंच्या बोचक्याची गाठ सोडून परत बांधत बसले.

"सुमन," सर म्हणाले, "अगं, हे..."

काकूंनी मागे हात नेला आणि सरांच्या हातावर ठेवला.

"सगळं तुम्ही सांगत होता तसंच आहे हो," काकू म्हणाल्या. बुंध्याकडे बघत होत्या, मग त्यांनी मान वर केली, फांद्या जिथे असायच्या तिथे. "झाड तेवढं फार वाढलंय. तारांना लागत असेल."

सरांनीही मान वर करून तिथेच बघितलं.

"हो," म्हणाले. "छाटायला सांगतो पालिकेला."